चौथा आकडा

पत्रक कसं लिहायचं हे मला नीट येतं. मथळा प्रश्नाचा हवा. पहिल्या दोन ओळींत दोष कुणाचा ते आलं पाहिजे. मागण्या तीनच. खाली दिवस, वेळ, जागा. 'कदाचित', 'बहुधा', 'असं दिसतं' हे शब्द पत्रकात चालत नाहीत, कारण रस्त्यानं चाललेला माणूस कागद हातात घेतो आणि चार पावलांवर टाकून देतो, आणि त्या चार पावलांत त्याला राग यायला हवा. शहरात शिकायला आल्यावर विद्यार्थी संघटनेत मी हे शिकले आणि मला ते लई आवडलं.

अणू मी त्याआधी शिकले होते. तिथं सगळा कारभारच 'बहुधा'चा होता.

करमाडच्या पुढं, जालना रस्ता सोडून आत, आमच्या गावाशेजारी एक कनिष्ठ महाविद्यालय आहे. त्याला विज्ञान शाखा आहे, असं पाटीवर लिहिलंय. माझ्या वेळी प्रयोगशाळेचं एक कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली संस्थाचालकांच्या घरी असायची. काचेतून परीक्षानळ्या दिसायच्या. त्या आम्ही दोन वर्षं काचेतूनच पाहिल्या. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेल्या आम्ही पोरी, अकरावीत एकदम सगळी पुस्तकं इंग्रजी. पहिले पंधरा दिवस आम्ही फक्त फळ्यावरची अक्षरं वहीत उतरवत होतो, कापडावरची नक्षी उतरवावी तशी.

मग रसायनशास्त्राचे सर आले. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला कायम खडूचा डाग. म्हणाले, "अणू काढा वहीत."

आम्ही काढला. कंपास कुणाकडंच नव्हता, म्हणून बांगडी ठेवून गोल काढले. मधे केंद्रक, भोवती मोठी बांगडी, लहान बांगडी, आणि गोलावर माळेतल्या मण्यांसारखे इलेक्ट्रॉन. सर रांगेतून फिरले, सगळ्यांच्या वह्या पाहिल्या आणि म्हणाले, "छान. आता बांगड्या परत हातात घाला. इलेक्ट्रॉन असा वाटोळ्यावर फिरत नाही. तुम्हाला दहावीत हे शिकवलं, मीसुद्धा सात वर्षं हेच शिकवत होतो, ते सोयीचं होतं म्हणून."

शिक्षकानं 'माझं चुकत होतं' म्हणायची ती मी पाहिलेली पहिली वेळ. दुसरी अजून पाहिलेली नाही.

मग त्यांनी आम्हाला वर्गाबाहेर, हापशावर नेलं. हापशाभोवती कायम चिखल. त्यात पावलंच पावलं: दांड्याजवळ इतकी दाट की एकही सुटं ओळखू येत नव्हतं, दोन हातांवर विरळ, आणि बाभळीपाशी एखाददुसरं. सर म्हणाले, "आत्ता इथं कुणी नाही. सकाळी कोण कुठं उभं होतं, ते सांगता येईल?"

"नाय सर."

"पण उद्या सकाळी माणूस कुठं सापडेल, हे सांगता येईल?"

"हापशापाशी."

"झालं. ह्या पावलांच्या दाटीला ऑर्बिटल म्हणतात. हा इलेक्ट्रॉनचा रस्ता नाही. तो बहुधा कुठं सापडेल, ते सांगणारा नकाशा आहे."

मग कंपाउंडच्या बुटक्या भिंतीपाशी नेलं. दोन्ही बाजूंना पोरांची पावलं, भिंतीवर अर्थातच एक नाही. म्हणाले, एक ऑर्बिटल असं असतं: दोन बाजूंना दाट, मधल्या भिंतीवर शून्य. मी विचारलं, "मग सर, तो भिंत ओलांडतो कधी?"

"ओलांडत नाही. दोन्हीकडं असतो."

मागून एक पोरगी म्हणाली, "आमच्या दाजीसारखा." इतका हशा झाला की आर्ट्‌सच्या मॅडम बाहेर येऊन बघायला लागल्या. सरही हसले.

आकडे त्यांनी सिडकोवरून शिकवले. "शहरात सिडकोत कुणाचं घर शोधायला गेलात तर आधी काय विचारतात? एन कितवा? एन-दोन, एन-सहा, एन-नऊ. मग पुढचं. इलेक्ट्रॉनचंही तसंच. पहिला आकडा सांगतो, तो केंद्रकापासून साधारण किती लांब. दुसरा सांगतो, त्याच्या दाटीचा आकार कसा, गोल का डमरूसारखा. तिसरा सांगतो, तो आकार कुठल्या दिशेला तोंड करून आहे. आणि चौथा." चौथ्यापाशी ते थांबायचे. एकेका आकड्याला ते आठवडा घ्यायचे आणि चौथ्याला सगळ्यात जास्त. "चौथ्याला स्पिन म्हणतात. फिरणं. पण तो भोवऱ्यासारखा फिरत नाही, तसं चित्र डोक्यात आणू नका. त्याला दोनच पर्याय असतात, वर किंवा खाली, एवढं धरा. एका ऑर्बिटलमध्ये दोघंच राहतात, आणि ते दोघं या चौथ्या आकड्यानंच वेगळे असतात."

नंतर फळ्यावर खाली रेघ ओढून म्हणाले, "चारही आकडे सारखे असलेले दोन इलेक्ट्रॉन एका अणूत राहूच शकत नाहीत. तिथं वशिला चालत नाही. एका जागेवर दोघांची नोंद होत नाही."

हे सांगताना ते हसले नाहीत. इतक्या साध्या गोष्टीला ते का हसले नाहीत, हे कळायला मला सहा वर्षं लागली.

धाकटी बहीण दहावी झाली तेव्हा मी शहरात बीएस्सी संपवून संघटनेचं काम करत होते. तिला सायन्स हवं होतं. पप्पा शेंद्र्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. म्हणाले, "सायन्सला शिकवणी लागती. शहरात रोज पाठवणं आपल्याला झेपायचं नाय. आर्ट्‌सला टाकू."

मी म्हणाले, "पप्पा, सर आहेत तिथं. शिकवणीची गरज नाय. मी कुठं लावली होती?"

"सर हायेत तोवर ठीक. शिकवणाराच नसंल तर मी तिला तिथं बसवणार नाय. तेव्हा मग मला बोलायचं नाय."

"नाय बोलणार."

धाकटी सायन्सला बसली, ती माझ्या त्या शब्दावर. फोनवर मला सांगायची: आज हापसा झाला. आज बांगड्या झाल्या. आज एन झाला. एकदा म्हणाली, "ताई, सर म्हणले तुझी बहीण लई प्रश्न विचारायची." मला दिवसभर बरं वाटलं.

त्याच महिन्यात आमच्या संघटनेनं तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत किती पदं रिकामी आहेत, ते माहितीच्या अधिकारात विचारलं. आमच्या कॉलेजचा कागद आला. रसायनशास्त्र: पद भरलेलं. मान्यताप्राप्त शिक्षक: अमुक अमुक. हजेरी: नियमित. ते नाव आमच्या सरांचं नव्हतं. ते नाव मी ओळखत होते, सिडकोतल्या एका मोठ्या क्लासच्या पाटीवर रोज बघत होते. चौकशी केली तर संस्थाचालकांचे जावई निघाले.

म्हणजे पगार, मान्यता, मस्टर सगळं जावयाच्या नावाचं. जावई सिडकोत क्लास चालवणार. आणि आमचे सर, एमएस्सी बीएड, तेरा-चौदा वर्षं त्या वर्गात उभे, कागदावर कुठंही नाहीत. जावयाच्या नावानं शिकवत होते. एका जागेवर दोन माणसं, आणि चारही आकडे सारखे.

माझं डोकं फिरलं. अजूनही फिरतं. पण मी तेव्हा काय केलं ते सांगते. मी सरांना फोन केला नाही. मी पत्रक लिहिलं.

का विचारलं नाही, हे मी स्वतःशी खूप घोळलंय. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते. आणि पत्रक माझ्या डोक्यात मथळ्यासकट तयार झालं होतं. खरं कारण एवढंच. मला वाटत होतं, पद रिकामं झालं की तिथं सरच बसतील, दुसरं कोण बसणार? सरांना न्याय मिळवून द्यायचा होता. त्यांना न सांगता.

मथळा होता: 'हजेरी एकाची, फळ्यावर दुसराच?' दुसऱ्या ओळीत लिहिलं: 'विद्यार्थ्यांसमोर एक अनधिकृत माणूस उभा करून संस्था शासनाची आणि पालकांची फसवणूक करत आहे.' मागण्या तीन: बोगस हजेरीची चौकशी, प्रत्यक्ष शिकवणाऱ्या पात्र शिक्षकाची नेमणूक, प्रयोगशाळेचं कुलूप काढा.

शहागंजात एका बोळात आमचे छापखानेवाले चाचा बसतात. संघटनेची सगळी पत्रकं तेच छापतात आणि छापण्याआधी वाचतात. हे वाचून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बिटिया, इसमें नाम तो किसीका नै डाली तुम."

"नाव नाही टाकायचं चाचा, केस होते. संस्था म्हटलंय, पुरे."

"तो मार किसकू पडेगी?"

"ज्याला पडायची त्याला."

"ना रे बाबा. जो सामने खडा मिलेगा, उसकू पडेगी." आणि मशीन सुरू केलं.

चाचा प्रत्येक पत्रकावर काहीतरी बोलतातच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

बाजाराच्या दिवशी करमाडला वाटली. कॉलेजच्या फाटकाशी वाटली. धाकटीच्या वर्गातल्या पोरींनी घेतली. सरही फाटकातून आत जात होते. मी एक त्यांच्या हातात दिलं. हसून. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि त्याच खडूच्या डागाच्या खिशात ठेवलं. "कशी आहेस?" म्हणाले. मी म्हणाले, "मजेत सर. आता बघाच." ते म्हणाले, "बघतो," आणि वर्गावर गेले.

आठ दिवसांत चौकशीची जीप आली. आमच्या संघटनेत आनंदीआनंद. इतक्या लवकर कधी कुणी दखल घेतली नव्हती. धाकटीचा फोन आला तेव्हा मी तोंड गोड करत होते.

"ताई, आज सर नाय आले. दुसरेच आले. कडक इस्त्रीचा शर्ट. साहेब मागच्या बाकावर बसले होते."

"काय शिकवलं त्यांनी?"

"अणू काढला फळ्यावर."

"कसा?"

"गोल. आणि त्याच्यावर मणी."

पोरींनी ते वहीत उतरवलं, म्हणाली. एकीनं हळूच स्वतःच्या बांगडीकडं बघितलं आणि दुसरीला हसू आलं, तर तिला बाहेर काढलं.

साहेबांनी प्रयोग न करताच भरलेल्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासायला नेल्या. त्या वह्यांवर शिक्षकाची सही असते. ती सही जावयाच्या नावाची, आणि अक्षर आमच्या सरांचं. दुसरं कुणाचं असणार? ज्यांच्या नावाला तिथं जागाच नव्हती, ते स्वतःच्या नावानं सही कुठं करणार होते? मस्टरवरसुद्धा तेच. रोज सकाळी ते जावयाची सही करत होते, तशीच मूळ बोली होती.

अहवालाची प्रत आम्ही मागून घेतली. संस्थेचा 'हलगर्जीपणा' झाला, म्हणून समज देण्यात आली. जावयांनी इथून पुढं नियमित हजर राहावं. आणि: 'सदर ठिकाणी एक अनधिकृत माणूस शिक्षकाच्या नावे सह्या करत असल्याचे निदर्शनास आले. त्यास प्रवेशास मनाई करण्यात यावी.'

'अनधिकृत माणूस'. तो शब्द त्यांचा नव्हता, माझा होता. त्यांनी माझ्याच कागदावरून उचलला.

मी चिडले, ओरडले, दुसरं निवेदन लिहिलं, आम्ही कचेरीसमोर बसलो. त्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आम्हाला पाठवत राहिले. "मॅडम, तुमच्याच तक्रारीवर कारवाई झाली ना?" एक कारकून म्हणाला. "शिक्षक मागितला, दिला." त्याचं म्हणणं कागदोपत्री बरोबर होतं, याचाच संताप जास्त.

जावई तीन दिवस आले. चौथ्या दिवसापासून मस्टर पुन्हा नियमित आणि वर्ग रिकामा. आता सह्या कोण करतं मला माहीत नाही. या वेळी संस्थेनं शहाणपण केलं, शिकवणारा कुणी ठेवलाच नाही. पुन्हा कुणी सापडायला नको.

सर कुठं आहेत हे शोधायला मला दीड महिना लागला. शहरात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानात ते काउंटरवर होते. मागं कपाटांत परीक्षानळ्या, चंचुपात्रं, कागदात गुंडाळलेली. इथं मात्र कुलूप नव्हतं.

मी त्यांच्यासाठी जबाब लिहून नेला होता. तयार, टाइप केलेला. 'मी अमुक वर्षांपासून तेथे प्रत्यक्ष अध्यापन करीत होतो.' खाली सहीची जागा. त्यांनी तो विद्यार्थ्याची वही तपासावी तसा, ओळीवर बोट ठेवून वाचला.

"शिकवत होतो, हे कशावरून?"

"सर, पोरींच्या वह्या आहेत की!"

"वह्यांवर सही कुणाची आहे?"

मी पुढं केलेलं पेन मागं घेतलं.

"ह्याच्यावर सही केली की मी कबूल करतो, तेरा वर्षं दुसऱ्याची सही मी केली. मग त्याला समज आणि मला पोलिस." आवाज चढला नव्हता. "दोन ठिकाणी अर्ज टाकलेत मी. ते पण जातील."

"सर, पण अन्याय तुमच्यावर झालाय."

"मला माहितीये की." मग कागद माझ्याकडं सरकवून म्हणाले, "तू मला विचारायचं होतंस गं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी त्याला तापमापी काढून दिल्या, पॅक केल्या, दोरी बांधली. मी उभी.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनीच विचारलं, "धाकटीचं कुठवर झालं?"

"तीन आकडे झालेत, म्हणते. चौथा राहिला."

"हां. चौथा सोमवारी घेणार होतो."

मी विचारलं, रविवारी आणू का तिला, इथंच, दुकान बंद झाल्यावर. ते हसले. "नको. त्याचंही पत्रक काढशील." मला ते लागलं आणि लागायलाच हवं होतं. नंतर म्हणाले, "तिची वही पाठव. लिहून देतो."

वही मी दुसऱ्याच दिवशी गावाकडून मागवली आणि नेऊन दिली. धाकटीनं काही न विचारता पाठवली होती. सरांनी चार दिवस ठेवून घेतली. दुकानात गिऱ्हाईक नसताना लिहिलं असणार, कारण मधेच शाई बदललेली, मधेच एका कोपऱ्यात बीकरचा भाव लिहून खोडलेला. सहा पानं. अगदी वर्गात बोलायचे तसंच, मराठीत, इंग्रजी शब्द तेवढे मोठ्या अक्षरांत. भोवऱ्याचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली. दोन बाण, एक वर, एक खाली. शेवटी चार गणितं सोडवायला दिलेली. सही नव्हती.

ती वही घेऊन मी गावाकडं गेले. पप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. बोलायचं नाही असं ठरलं होतं ते माझं, त्यांचं नव्हे, पण तेच गप्प राहिले. आत धाकटी नवं पुस्तक घेऊन बसली होती. इतिहासाचं. शाखा बदलायचा अर्ज आदल्या गुरुवारी भरून झाला होता. तिच्यासोबत आणखी नऊ पोरींचा. उरलेल्यांपैकी दोघींचं लग्न ठरलंय, असं कळलं.

"मला सांगितलं का नाय?" मी म्हणाले.

"तू कुठं विचारती कुणाला," ती म्हणाली. रागानं नाही. पुस्तकातून मान वर न करता.

मी वही पुढं केली. "सरांनी लिहून दिलंय. चौथा."

तिनं घेतली. सहाही पानं वाचली, बोट ठेवून, सरांसारखीच. बाणांपाशी थांबली. मला वाटलं, काहीतरी विचारेल. तीही माझ्यासारखी लई प्रश्न विचारायची. तिनं वही मिटली, उलटी केली, शेवटचं पान उघडलं आणि वर समास ओढून इतिहासाच्या पहिल्या धड्याचं नाव लिहिलं.

"कोरी पानं हायेत निम्मी," म्हणाली. "वाया कशाला घालवायची."

आता मी घरी जाते तेव्हा ती वही बघते. पुढून तीन आकडे तिच्या अक्षरात, चौथा सरांच्या. मागून इतिहास, तो पुढं पुढं सरकतोय. ती चार गणितं अजून तशीच आहेत, खाली उत्तराला जागा सोडलेली. परवा धाकटीला नकाशा काढायला जागा कमी पडली, तर तिनं त्या मोकळ्या जागेवर काढला.